पाचपैकी तीन तारे : ‘मॅनहंट’ची गुणपत्रिका

या टिपणात एका व्हिडिओ गेमचे समीक्षण केले आहे. खेळ जुना आहे, नोव्हेंबर २००३ मधला, आणि चांगलाच बदनाम आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूझीलंडने त्यावर बंदी घातली. जर्मनीत २००४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तो जप्त झाला आणि ऑस्ट्रेलियाने आधी दिलेली मान्यता त्याच वर्षी काढून घेतली. त्याचे नाव ‘मॅनहंट’. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ बनवणाऱ्या एडिनबरातील रॉकस्टार नॉर्थ या स्टुडिओनेच तो बनवला. खेळ केवळ प्रौढांसाठी आहे. अठरा वर्षांखालील कोणी हे टिपण वाचत असेल तर त्याने टिपण जरूर वाचावे, खेळाच्या वाटेला जाऊ नये.

या खेळाविषयी आजवर जे लिहिले-बोलले गेले ते बहुतेक रक्ताविषयी आहे. किती दाखवले, किती जवळून दाखवले, दाखवायला हवे होते का, एवढेच. मला वाटते, या खेळात नीट पाहण्यासारखी गोष्ट रक्त नसून गुणदान आहे. खेळ कशाला गुण देतो, कशाला देत नाही आणि ते गुण मिळवायला खेळाडूला काय करावे लागते, यातच त्याचे खरे म्हणणे सापडते. चित्रे कलाकार काढतात, पण गुणदानाचे नियम कोणीतरी कोडमध्ये लिहितो. तुमच्यापैकी काही जण उद्या ते काम करणार आहेत, म्हणून हा खेळ निवडला.

खेळ असा आहे

जेम्स अर्ल कॅश हा फाशीची शिक्षा झालेला कैदी आहे. त्याला विषारी इंजेक्शन दिल्याचे नाटक होते आणि तो शुद्धीवर येतो तेव्हा त्याच्या कानात एक यंत्र बसवलेले असते. त्यातून एक आवाज बोलतो. हा लायोनेल स्टार्कवेदर, एकेकाळचा चित्रपट दिग्दर्शक, आता खऱ्या खुनांच्या चित्रफिती बनवणारा. आवाज ब्रायन कॉक्स या कसलेल्या अभिनेत्याचा आहे आणि तो इतका मुरलेला आहे की काही वेळाने तो आपल्याच कानात बोलतो आहे असे वाटू लागते. शहरात जागोजागी कॅमेरे लावले आहेत, रस्त्यांवर मारेकऱ्यांच्या टोळ्या सोडल्या आहेत. कॅशने लपतछपत त्यांच्या पाठीमागे जायचे, त्यांना मारायचे आणि दिग्दर्शकाला हवे ते चित्रण मिळवून द्यायचे. खेळात वीस टप्पे आहेत. त्यांना टप्पे न म्हणता ‘सीन’ म्हटले आहे, म्हणजे आपण चित्रपटात आहोत हे खेळ लपवत नाही.

शहराचे नाव कार्सर सिटी. गंजलेले, ओस पडलेले औद्योगिक शहर : भंगाराचे यार्ड, बंद पडलेला मॉल, ओसाड प्राणिसंग्रहालय. मी राहते भिलाईत, खुर्सीपारला, पोलाद कारखान्याच्या शेजारी. या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली, आणि तेव्हापासून या गावाचे घड्याळ कारखान्याच्या पाळीवर चालते. रात्री दहाला पाळी बदलते तेव्हा सायकली, स्कूटर, डब्याच्या पिशव्या, चहाच्या टपऱ्या यांनी रस्ते भरून जातात. त्यामुळे कार्सर सिटीत फिरताना मला पहिली गोष्ट खटकली ती भीषणता नव्हे. इथे कोणी पाळीवर जात नाही, कोणाचा डबा नाही, खिडकीतून डोकावणारी म्हातारी नाही. रस्त्यावरचे दिवे मात्र चालू असतात. त्यांचे बिल कोण भरते ते खेळात सांगितलेले नाही. हा विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतो. शिकाऱ्यांना चोरूनमारून मारण्याचा खेळ चालण्यासाठी शहरातून सामान्य माणूस आधीच काढून टाकावा लागतो. पाहणारा साक्षीदार उरतो तो एकच, कॅमेऱ्यामागचा.

सावली आणि आवाज

आता तंत्राकडे येऊ. बंदीच्या गोंगाटात हा भाग हरवला, आणि खेळातला सर्वांत चांगला भाग हाच आहे.

ज्या खेळांना खेळाडू स्टेल्थ गेम म्हणतात त्यांचा सगळा डोलारा एका प्रश्नावर उभा असतो : समोरच्याला माझ्याबद्दल काय माहीत आहे? ‘मॅनहंट’मधला प्रत्येक शिकारी म्हणजे तुम्ही तिसऱ्या सत्रात शिकता ते फायनाइट स्टेट मशीन आहे. तो गस्त घालतो. काही ऐकू आले तर थबकतो, आवाजाच्या दिशेने येतो, शोध घेतो. दिसलात तर पाठलाग करतो. काही काळ दिसला नाहीत तर कुरकुरत पुन्हा गस्तीवर जातो. या अवस्था वहीत वर्तुळे आणि बाण काढून मांडता येतात, आणि खेळण्याचे कौशल्य म्हणजे ती आकृती मनात चालवणे. शिकारी आत्ता कोणत्या वर्तुळात आहे आणि कोणता बाण त्याला पुढच्यात नेईल, हे ओळखता आले पाहिजे.

सावलीचा नियम तर अगदी साधा. अंधारात उभे राहिलात तर शिकारी हातभर अंतरावरून गेला तरी तुम्हाला पाहू शकत नाही. अट एकच, तुम्ही अंधारात शिरताना त्याने पाहिलेले नसावे. वास्तवात असे होत नाही, चांदण्यातही माणूस माणसाला ओळखतो. पण नियम प्रत्येक वेळी तसाच लागू होतो म्हणून आपण तो मान्य करतो. खेळाची रचना शिकताना हे लक्षात ठेवा : खेळाडू अवास्तव नियम माफ करतो, पण बेभरवशाचा नियम कधीच नाही.

आवाजाचे काम याहून बारीक आहे. खडी आणि लोखंडी पत्रा पावलांचा आवाज वाढवतात, हळू चालले तर तो कमी होतो. भिंतीवर ठोकून शिकाऱ्याला बोलावता येते, वीट किंवा बाटली फेकून भलतीकडे पाठवता येते. प्लेस्टेशन २ वर हेडसेट लावला तर आणखी एक गंमत होते. स्टार्कवेदरचा आवाज थेट तुमच्या कानात येतो आणि तुमच्या खोलीत तुम्ही बोललात तर तो आवाज खेळातल्या शिकाऱ्यांना ऐकू जातो. एवढ्याशा सोयीने पडद्याची भिंत जवळजवळ नाहीशी होते. खेळाडू घरात, खुर्चीवर, खोकला दाबून बसतो. इतक्या कमी साधनांत इतकी भीती निर्माण करणारे खेळ मी थोडेच पाहिले आहेत. या भागासाठी मी ‘मॅनहंट’ला मनापासून दाद देते.

कळ दाबून थांबणे

दाद दिली, पण ही सगळी कारागिरी कोणत्या क्षणासाठी केली आहे तेही पाहायला हवे. शिकाऱ्याच्या पाठीमागे पोहोचल्यावर हल्ल्याची कळ दाबून धरायची. पडद्यावरची खूण आधी पांढरी असते. आणखी काही क्षण धरून ठेवली तर पिवळी होते, आणखी धरली तर लाल. पांढऱ्यावर सोडली तर घाईचा, झटपट वार. पिवळ्यावर अधिक हिंसक. लालवर जे होते त्याचे वर्णन मी करणार नाही. प्रत्येक रंगासाठी आणि प्रत्येक हत्यारासाठी वेगळे दृश्य आहे.

मधल्या सेकंदांत काय घडते ते पाहा. तुम्ही एका माणसाच्या पाठीला पाठ लावल्यासारखे त्याच्यामागे चालता आहात. तो कधीही वळू शकतो. पांढऱ्यावर सोडले तर धोका कमी, लालपर्यंत थांबले तर धोका जास्त. म्हणजे जास्त क्रौर्यासाठी जास्त धीर आणि अचूक अंदाज लागतो. खेळाने क्रौर्य आणि कौशल्य एकाच दोरीला बांधून टाकले आहे. पुढच्या सीनला जायला लाल रंगाची गरज नसते. पांढरा वारही शिकाऱ्याला संपवतो. मग लालपर्यंत थांबायचे कशासाठी?

ताऱ्यांसाठी. सीन संपला की गुणपत्रिका येते. कठीण पातळीवर पाच तारे असतात. एक सीन पूर्ण केल्याचा, एक ठरलेल्या वेळेत पूर्ण केल्याचा आणि एक ते तीन क्रौर्याच्या दर्जाचे. सोप्या पातळीवर पूर्ण केल्याचा तारा गळतो, क्रौर्याचे तीन तसेच राहतात. समोरासमोर मारामारी करून शिकाऱ्याला पाडले तर या तीनपैकी काहीही मिळत नाही. आपल्या भाषेत मांडायचे तर पाचपैकी तीन, म्हणजे ६० टक्के गुण, एकाच घटकाला.

गेली कित्येक वर्षे मी प्रात्यक्षिकांचे गुण देते आहे. गुण कशाला आहेत हे विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच ओळखतात आणि त्यानुसार वागतात, यात त्यांचा दोष नाही. जर्नलच्या टापटिपीला दहा गुण ठेवले की समासाच्या रेघा लाल शाईने आखलेल्या मिळतात, वाचने मात्र शेजाऱ्याची. तोंडी परीक्षेला दहा ठेवले की रेघा वाकड्या येतात, पण ओहमचा नियम समजलेला असतो. मुले तीच आणि प्रयोगशाळाही तीच. ऑब्जेक्टिव्ह फंक्शन बदलले की उत्तर बदलते, हे ऑप्टिमायझेशनच्या पहिल्या धड्यात असते.

‘मॅनहंट’ मी दोन्ही प्रकारे खेळले आहे. केवळ पांढऱ्या वारावर खेळले तर खेळ सोपा होतो, कारण थांबावे लागत नाही. कमी क्रूर राहणे इथे सोपे आहे, आणि म्हणूनच ते कमी गुणांचे आहे. ही मला या खेळातली सर्वांत बोचरी गोष्ट वाटते. खेळ क्रौर्याला ‘अवघड काम’ ठरवतो, आणि अवघड काम नीट जमल्याचा जो निर्मळ आनंद माणसाला होतो, गणित सुटल्यावर किंवा वेल्डिंगची रेघ सरळ आल्यावर होतो तोच, तो आनंद त्या कामाला जोडून देतो. लाल रंग येईपर्यंत थांबणाऱ्या खेळाडूला रक्ताची ओढ असतेच असे नाही. बहुतेकांना पूर्ण गुणांची ओढ असते. वर्गात पहिला नंबर काढणाऱ्यांनी यावर जरा थांबावे.

मुंबईचा दुसरा हिशेब

तुलनेसाठी याच जातीचा दुसरा खेळ घेऊ. २०१८ मध्ये आलेल्या ‘हिटमॅन २’ मधला एक टप्पा मुंबईत आहे. झोपडपट्टीच्या गल्ल्या, धोबीघाट, रेल्वे यार्ड, अर्धवट उभा टॉवर आणि त्यात बसलेला चित्रपट निर्माता. इथेही खेळाडू मारेकरीच आहे, तीन माणसांना मारायचे आहे, इथेही लपणे आणि वाट पाहणे आहे. पण सर्वोच्च श्रेणी कशी मिळते? ठरलेल्या तिघांखेरीज कोणालाही मारायचे नाही, कोणाच्या नजरेस पडायचे नाही, प्रेते सापडू द्यायची नाहीत, कॅमेऱ्यात यायचे नाही. म्हणजे कौशल्य इथे संयमाला बांधलेले आहे. कार्सर सिटीत नसलेली माणसे इथे गर्दीने आहेत आणि त्या गर्दीतच लपायचे आहे. त्यांच्यापैकी एकाचा जरी जीव घेतला तरी श्रेणी खाली येते.

म्हणून ‘हिटमॅन’ चांगला आणि ‘मॅनहंट’ वाईट, असा निकाल लावायची घाई मात्र करू नका. मुंबईच्या त्या टप्प्यात आणखी एक मारेकरी फिरत असतो. तुम्ही लक्ष्यांना नेमक्या जागी आणले तर गोळी तो झाडतो आणि तुमचे हात स्वच्छ राहतात. खेळ याचे कौतुकच करतो. तिथे तुम्ही स्वतःच स्टार्कवेदर झालेले असता, फक्त सूट चांगला असतो. ‘हिटमॅन’ची गुणपत्रिका आदर्श नोकर घडवते : नेमून दिलेले काम, वेळेत, गाजावाजा न करता, प्रश्न न विचारता. ‘मॅनहंट’ निदान आपल्याला शिसारी येऊ देतो. चकचकीत टॉवरमधल्या तिसऱ्या खुनानंतर मला काहीच वाटले नाही, आणि ते ‘काहीच न वाटणे’ मला कार्सर सिटीतल्या शिसारीपेक्षा जास्त काळजीचे वाटते.

नाना, घाशीराम आणि तिसरा कोणी

आपल्याकडे या प्रश्नाची उत्तम मांडणी एका नाटकाने केली आहे. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. ज्यांनी पाहिले-वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : पुण्यात अपमानित झालेला घाशीराम आपली मुलगी नाना फडणविसांच्या हवाली करून कोतवाली मिळवतो, शहराचा छळ मांडतो, आणि लोक खवळल्यावर नाना त्यालाच लोकांच्या हवाली करतो. छळ घाशीराम करतो, पण तो करण्याची मुभा नानाची आहे. हात एकाचे, सोय दुसऱ्याची. रंगमंचावर नटांची एक ओळ सतत असते, ती कधी भिंत होते, कधी पडदा, कधी जमाव. क्रौर्य आपण त्या माणसांच्या फटींतून पाहतो.

स्टार्कवेदर हा नानाच्याच जातीचा. दूर, सुरक्षित, रसिक. कॅश हा घाशीरामाच्या जागी, फक्त त्याच्याकडे सुडाचे कारणही नाही, जीव वाचवणे एवढेच आहे. पण नाटकाच्या प्रेक्षकाच्या हातात कळ नसते. ‘मॅनहंट’मध्ये असते, आणि खेळाने त्याचा एक खरोखर कल्पक उपयोग केला आहे. लाल वार सुरू होताच चित्राची जात बदलते. पडदा जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखा खरखरीत होतो, कोन कॅमेऱ्याचा होतो आणि कळी काम करेनाशा होतात. क्षणापूर्वी जो हात होता तो आता नुसता डोळा उरतो. हे चित्रण स्टार्कवेदरच्या गिऱ्हाइकांसाठी आहे, आणि या क्षणी त्यांच्या रांगेत आपणही बसलेले असतो. कथेत हे कुठेही बोलून दाखवलेले नाही. केवळ कॅमेरा बदलून सांगितले आहे. घाशीराम, नाना आणि प्रेक्षक अशा तिन्ही खुर्च्यांवर एकाच माणसाला बसवणे नाटकाला जमणारे नव्हते, खेळाला जमले.

दुर्दैवाने खेळ आपल्याच कल्पनेवर टिकत नाही. उत्तरार्धात बंदुका येतात आणि पाहता पाहता स्टेल्थ मागे पडून गोळीबार सुरू होतो. आडोशाला उभे राहायचे, डोके बाहेर काढणाऱ्याला टिपायचे, पुढे सरकायचे. शेकडो खेळांत हे आहे आणि त्यांपैकी पुष्कळांत याहून चांगले आहे. श्वास रोखणे संपते, रंगांची वाट पाहणे संपते आणि त्याबरोबर ‘तू का थांबला आहेस?’ हा प्रश्नही संपतो. शेवटी कॅश दिग्दर्शकापर्यंत पोहोचतो आणि त्याला मारतो. खेळाडूला सुटल्यासारखे वाटावे अशी सोय केली आहे. पण त्या शेवटच्या सीनचीही गुणपत्रिका येतेच. दिग्दर्शक मेला, मग हे तारे कोण देतो आहे? इथे खेळाचे खरे बिंग फुटते. सीनभर तो आपल्याला म्हणत होता, की हे सगळे त्या विकृत माणसाला हवे आहे. तारे मात्र त्या माणसाचे कधीच नव्हते, ते रॉकस्टारचे होते. खेळाला खेळाडूवर आरोप ठेवायचा आहे आणि त्याच हाताने बक्षीसही द्यायचे आहे. दोन्हींपैकी एकच निवडला असता तर ‘मॅनहंट’ मोठा खेळ झाला असता. आज तो अर्धा मोठा खेळ आहे.

हिरवे रक्त, निळा डाग

बंदीच्या बाजूने नेहमी पुढे येणारे एक उदाहरण लेस्टरचे. २००४ मध्ये त्या इंग्लिश शहरात एका सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या चौदा वर्षांच्या मित्राचा खून केला आणि वृत्तपत्रांनी ‘मॅनहंट’चे नाव घेतले. पोलिसांनी हेतू चोरीचा असल्याचे सांगितले. खेळाची प्रत सापडली ती मारणाऱ्याकडे नव्हे, मेलेल्या मुलाकडे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये स्पष्ट केले, की हिंसक खेळांचा सौम्य आक्रमक वागणुकीशी काही संबंध दिसतो, परंतु गंभीर हिंसाचाराचे खापर खेळांवर फोडण्यास शास्त्रीय आधार पुरेसा नाही. घरी यावरून वाद झाला तर ही दोन वाक्ये उपयोगी पडतील. मात्र ‘खेळाने खुनी होत नाही’ म्हणजे ‘खेळ काहीच करत नाही’ असे नव्हे. ती पळवाट मी तुम्हाला देणार नाही.

भारतात चित्रपटांसाठी १९५२ च्या कायद्याने प्रमाणन मंडळ आहे, व्हिडिओ गेमसाठी तसे मंडळ नाही. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला तो मुख्यतः पैसे लावून खेळायच्या खेळांसाठी. त्यामुळे हिंसेविषयी आपल्याकडे जे होते ते तुकड्यातुकड्यांत होते. मार्च २०१९ मध्ये राजकोटला पोलिसांनी ‘पबजी’वर बंदी घातली आणि खेळणाऱ्या काही तरुणांना अटकही केली. २०२० मध्ये केंद्र सरकारने ते ॲप बंद केले, कारण माहितीच्या सुरक्षेचे होते. २०२१ च्या जुलैमध्ये खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परत आला तेव्हा त्यात रक्त हिरवे झाले होते आणि ‘किल’ या शब्दाच्या जागी ‘फिनिश’ आला होता. नियम मात्र तेच होते. शंभर जणांतून शेवटी उरेल तो जिंकला.

हे वाचून मराठी नाट्यरसिकाला ‘गिधाडे’ आठवेल. तेंडुलकरांच्याच या नाटकात गर्भपात झालेल्या स्त्रीच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. परिनिरीक्षण मंडळाने लाल डागाला हरकत घेतली तेव्हा डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगून टाकले, की हा निळा डाग लाल समजावा. प्रेक्षकांना तो नेहमीपेक्षा अधिक लाल दिसला असणार. रंग बदलून हिंसा कमी होत नाही, हे लागूंनी थट्टेने दाखवले. मोबाइलवरच्या खेळात तेच गांभीर्याने केले गेले. दोन्हीकडे रंगाची चर्चा झाली. तारे कशाला मिळतात हे कोणी विचारले नाही.

लिहिणाऱ्याची जागा

रॉकस्टारमध्ये काम केलेल्या एका माणसाने २००७ मध्ये जाहीरपणे लिहिले, की ‘मॅनहंट’वरून कंपनीत जवळजवळ बंडच होणार होते. कामगारांना ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’बद्दल तसे वाटत नव्हते, याच खेळाबद्दल वाटले. मला ही हकिगत सगळ्या बंद्यांहून महत्त्वाची वाटते. त्या कंपनीत काम करणाऱ्यांनाच त्या खेळाचा जाच झाला. आज याच कंपनीचा मोठा स्टुडिओ बंगळुरूत आहे, पुणे-मुंबईत दुसऱ्या परदेशी कंपन्यांचे आहेत, आणि भिलाईतून दरवर्षी मुले तिकडे मुलाखतींना जातात. त्यांना तिथे बहुधा कोणी विचारणार नाही, की क्रौर्याला किती गुण असावेत. ‘स्कोअरिंगचा भाग शुक्रवारपर्यंत हवा’ एवढेच सांगितले जाईल.

शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तपासताना दर वर्षी चार-पाच खेळ येतात, बहुतेक युनिटीत केलेले, बहुतेकांत झोंबी. एका झोंबीचे दहा गुण, डोक्यात गोळी लागली तर पंचवीस. पंचवीस का, असे मी विचारते. “मॅम, सगळ्याच गेममध्ये असतं,” हे उत्तर ठरलेले. नेम अवघड असतो म्हणून, असे एखादी मुलगी सांगते, आणि ते खरेही आहे. मग मी विचारते, की याच अचूकतेला पंचवीस गुण मिळतील असे दुसरे काय करता येईल? इथे वर्ग गप्प होतो.

तुम्हाला अभ्यास हाच आहे. ‘मॅनहंट’ खेळायची गरज नाही, वर दिलेली माहिती पुरेशी आहे. शिकाऱ्याची अवस्थांची आकृती काढा, पांढरा-पिवळा-लाल हा प्रतीक्षेचा नियम तसाच ठेवा आणि फक्त पाच ताऱ्यांचे वाटप नव्याने करा. अट अशी, की पाठीमागे उभे राहून थांबण्याची भीती कमी होता कामा नये. भीती गेली तर तुम्ही खेळ शुद्ध केला नाही, नुसता बिघडवला.

मागच्या तुकडीतल्या एका गटाने यावर चालणारा नमुनाच करून आणला होता. जागा होती रात्रीचा कारखाना, पाळी बदलायची वेळ आणि लोखंडी जाळीचे वाजणारे जिने. पहारेकऱ्याच्या मागे लालपर्यंत थांबायचे ते त्याच्या कमरेची किल्ली काढायला. पांढऱ्यावर हात घातला तर एकच किल्ली निघे, लालवर पूर्ण जुडगा. तीन तारे त्या जुडग्याला, आणि पहारेकरी काहीही न कळता गस्तीवर परत गेला तर आणखी एक. प्रोजेक्टरवर तो खेळ चालला तेव्हा मागच्या बाकावरच्यांनीही बोलणे थांबवले होते. एक दोष होता, तो अहवालात नोंदवला आहे : जुडगा कधी कधी हातात येऊन भिंतीच्या आत अडकायचा.